एकवीसशे दहा किलो

१

तांब्याच्या गोदामाच्या कुलपावर शिशाचं सील होतं. सीलच्या तारेला तीन पीळ होते आणि तिन्ही डावीकडे वळलेले होते. तारेचं टोक पक्कडीनं तिरकं कापलेलं होतं, आणि शिशाच्या चकतीवर चार दिवसांची धूळ एकसारखी बसली होती. प्रयोगशाळेतल्या निशिगंधा माने हिनं चष्मा कपाळावर सरकवून ते जवळून पाहिलं. मगदूमांच्या कारखान्यात डावखुरी ती एकटीच. दर सोमवारी गोदाम उघडायचं, आठवड्याचं तांबं काट्यावर मोजून बाहेर द्यायचं आणि मग सील तिनं लावायचं, अशी पद्धत होती. आज शुक्रवार. मधल्या काळात सीलला कुणी हात लावलेला नव्हता.

“माझंच आहे,” ती म्हणाली आणि तिनं तार तोडली.

दुपारी तीनला गोदामातलं शेवटचं वेटोळं काट्यावरून उतरलं. पुस्तकात जितकं तांबं शिल्लक होतं तितकंच भरलं, किलोला किलो.

“म्हणजे चोरी गोदामात नाही, गोदामाबाहेर आहे,” अभिनंदन म्हणाला. पुण्याला शिकून आलेला हा मालकांचा मुलगा. मांडीवरचा लॅपटॉप त्यानं वडिलांकडे वळवला. “जानेवारी ते ऑगस्ट, चौसष्ट टन तांबं इथून बाहेर पडलं. तयार झालेली केबल आणि विकलेलं भंगार मिळून हिशेब लागतो एकसष्ट हजार आठशे नव्वद किलोचा. उरलेलं एकवीसशे दहा किलो गोदाम आणि फाटक यांच्या मधे नाहीसं झालंय. नव्वद पावलांत!”

श्रेणिक मगदूमांनी पडद्यावरचे आकडे पाहून मान खाली घातली. साठी ओलांडलेला हा माणूस मुळात कमी बोलायचा. गेल्या दोन वर्षांत त्याचं बोलणं ‘बघू’ या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. त्यांच्या वडिलांनी, आण्णांनी, चाळीस वर्षांपूर्वी शिरोलीच्या माळावर हा कारखाना काढला. बोअरमध्ये मोटरीबरोबर सोडतात ती चपटी केबल इथं बने. आता तांब्याचा भाव महिन्यामहिन्याला चढत होता, फौंड्र्या एका पाळीवर आल्या होत्या आणि शेतकरी नवी मोटर घेण्याऐवजी जुनीच भरून आणत होता. कारखान्यात तीन पाळ्यांची एक झाली. सहा यंत्रांपैकी चार प्लॅस्टिकच्या कागदाखाली गेली. पुण्याची एक मोठी कंपनी कारखाना विकत मागत होती. तिचं पत्र श्रेणिकशेठच्या खणात दोन वर्षं पडून होतं.

“सोमवारी बारा वाजता त्यांची माणसं शेवटचं बघायला येणार,” अभिनंदन म्हणाला. “त्याआधी, दहाला, मी पोलिसांत तक्रार देतोय. तांबं ओढतो आकाराम. गाडी नेतो राजवीर. दोघांची नावं घालणार.”

आकाराम तीस वर्षं इथं तार ओढत होता. निशिगंधा येऊन सव्वीस वर्षं झाली होती, म्हणजे तो तिच्याही आधीचा.

श्रेणिकशेठनी मान वर केली. “मानेबाई, सोमवारपर्यंत तुम्ही एकदा बघा. तुम्ही कुणाच्यातच नाही.”

ही बहुधा स्तुती असावी, असं तिनं धरलं.

२

निशिगंधाची प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय बाराची खोली आणि तिला एक सरकती खिडकी. खिडकीतून केबलचा मीटरभर तुकडा आत यायचा, खिडकीतून निकालाचा कागद बाहेर जायचा. तुकडा देणाऱ्याचा बहुतेक हातच दिसे. सव्वीस वर्षांत हात बदलले, एका हाताची दोन बोटं यंत्रात गेली, एका हातावर लग्नाची मेंदी आली आणि फिकी झाली. डबा ती तिथंच खायची, वजनकाट्याकडे पाठ करून, कारण खरकटं हवेतूनही काट्यावर जातं अशी तिची समजूत होती.

शनिवारी ती खिडकी बंद करून दारानं बाहेर पडली आणि फाटकाशी गेली.

“आवं बाई!” पहारेकरी पिराजी स्टुलावरून उठला. “आज सूर्य पन्हाळ्याकडनं उगवला व्हय?”

“पिराजी, तांबं इथून गेलं असेल का?”

“ह्या फाटकातनं?” त्यानं छातीवर हात मारला. “डबं उघडून बघतो मी. धाकट्या मालकांची ब्याग पण बघतो, म्हणून तर त्यांचा माझ्यावर राग हाय. भंगार जातंय ते काट्यावर मोजून. आन् ड्रम जात्यात ते मोजून चाळीस. चाळीसाचं एकेचाळीस कधी झालं न्हाय.”

“ड्रमाच्या पोकळीत काही लपवलं तर?”

“हात घालून बघतो की. एकदा पाल निघाली. तांबं न्हाय.”

राजवीर टेंपोखाली आडवा होता. तिची पावलं ओळखीची नसल्यामुळं तो सरपटत बाहेर आला. पंचविशीतला, कानात बाळी, तोंडात कायम भांडण.

“या, तुमीच ऱ्हायला होता,” तो म्हणाला. “बुधवारी धाकट्या मालकांनी सगळा टेंपो उचकटला. सीट फाडली, स्टेपनी काढली. म्हणं वजन जास्त भरतंय, खाली तांबं लपवलंय. घावलं काय? माझी हरवलेली चप्पल घावली.”

“वजन जास्त भरतं हे खरं?”

“ते खरं हाय की. तेच कळंना झालंय.” त्याचा आवाज उतरला. “मलकापूरला आपला डीलर हाय न्हवं, हंबीरराव? लई चिकट माणूस. केबल कमी भरली तर भांडायचं म्हणून दर खेपंला गाडी काट्यावर घालतो. जानेवारीत चाळीस ड्रमांची खेप न्हेली, आन् आगस्टात चाळीसच न्हेली. एकशेनव्वद किलो जास्त. तीच गाडी, तेच ड्रम, मी पण तेवढाच. उलट वाळलोय.”

“हंबीरराव काय म्हणाले?”

“ते कशाला काय म्हणत्यात? कमी भरलं की बोंबलायचं, जास्त भरलं की गप.”

निशिगंधानं पावती मागितली. भरल्या गाडीच्या सगळ्या पावत्या ऑफिसात जमा होत्या; अभिनंदनचा पुरावा तोच होता.

“आणि रिकाम्या गाडीच्या?”

राजवीर तिच्याकडं बघत राहिला. “त्या कुणी मागितल्याच न्हाईत.”

स्टिअरिंगसमोरच्या जोतिबाच्या तसबिरीमागून त्यानं गुलालानं माखलेला पावत्यांचा गठ्ठा काढला. निशिगंधानं तारखेनं लावून त्या बोनेटवर पसरल्या. माल उतरवून परत निघालेल्या गाडीचं वजन जानेवारीत जितकं होतं तितकंच ऑगस्टमध्ये होतं. फरक पाच किलोचासुद्धा नाही.

म्हणजे एकशेनव्वद किलो टेंपोत लपलेलंच नव्हतं. ते ड्रमांबरोबर हंबीररावांच्या दारात उतरलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ते कुणालाच दिसलं नव्हतं.

३

तार ओढायच्या खात्यात ती शेवटची कधी आली होती, हे तिला आठवेना. तेलाचा वास आणि एकसुरी आवाज. बोटाएवढी जाड तांब्याची सळई एका टोकाला आत शिरत होती आणि एकाहून एक बारीक भोकांच्या चकत्यांमधून ओढली जात दुसऱ्या टोकाला केसासारखी तार होऊन गुंडाळली जात होती. त्या चकतीला डाय म्हणायचं. शेवटच्या डायचं भोक एक मिलिमीटरच्या तीस शतांशाचं. अशा छत्तीस तारा पिळल्या की केबलचा एक गाभा होई, आणि चपट्या केबलीत असे तीन गाभे.

आकारामनं यंत्र थांबवलं, हात पुसले आणि तिच्यासाठी लाकडी खोका झाडून पुढं सरकवला.

“बसा, मॅडम. चौकशीला आलासा न्हवं?”

“हो.”

“बरं केलंसा. निदान विचारायला तरी आलासा. धाकट्या मालकांनी नुसतं बघितलं माझ्याकडं.” त्यानं हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. “गावाकडं आजऱ्याला घरावर स्लॅब टाकला मी. त्याचं म्हणत असतील. पीएफ काढलाय. अर्जावर सही कुणाची, तर धाकट्या मालकांचीच. वाचलं नसंल.”

निशिगंधानं वहीत लिहिलं: पीएफ, सही. मग विचारलं, “तांबं इथून कसं जाईल, आकाराम? तुम्हाला न्यायचं असतं तर?”

तो हसला. “न्यायचंच असतं तर तीस वर्षांत न्हेलं नसतं? तवा तीन पाळ्या हुत्या, मालाचा ढीग पडायचा, कोण विचारतंय! आता चोरायला हाय काय? चार यंत्रं झाकल्याली. येतो, ह्या एका यंत्रासंगं दिवसभर बोलतो, जातो.”

हे आपलंही असंच आहे, हे त्याला सांगायला तिला शब्द जुळवता येईनात.

“ही डाय नवी आहे?” तिनं शेवटच्या चकतीकडं बोट केलं. पितळी कडेवर तीसचा छाप होता.

“नवी कसली! वर्ष सव्वा वर्षाची हाय. चारदा मागितली, मालक चिठ्ठीवर ‘बघू’ लिहित्यात. मग मीच इचलकरंजीला न्हेऊन पॉलिश करून आणतो. औंदा तीनदा आणली. घासून गुळगुळीत व्हती. तारंला वरखडा न्हाय, काय न्हाय. बघा की.”

त्यानं भिंतीवरच्या खिळ्याची एक पितळी पट्टी काढली. एका कडेला एक अरुंद खाच होती, चाळीस वर्षांच्या बोटांनी पट्टी झिजून उजळली होती. “ही आण्णांची फणी. थोरल्या मालकांनी स्वतः करून घेतल्याली. खंडेनवमीला हिलाच पयला हळदकुंकू.” त्यानं ताजी तार खाचेवर आडवी धरली. तार वरच राहिली. “बघा. बारीक असती तर खाचंत पडली असती. आण्णा सांगायचे, शेतकऱ्याची मोटर आपल्या तारंवर लोंबकाळत असती. तार बारीक निघाली तर पाप, जाड निघाली तर दान. तीस वर्षांत ह्या खाचंत माझी तार पडली न्हाय, मॅडम.”

त्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो खराच होता. निशिगंधानं तारेचा वीतभर तुकडा मागून घेतला आणि वहीत ठेवला.

ती दारापर्यंत गेल्यावर त्यानं हाक मारली.

“मॅडम, एक विचारू? सोमवारी ठाण्यात न्हेत्यात तवा कापडं संगं घ्यायची असत्यात काय? घरात अजून सांगितलं न्हाय. पिशवी भरली तर बायकू विचारंल.”

४

रविवारी मंगळवार पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत कुणी आलं नाही. रविवारी कुणी येतच नसे. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. अर्धा लिटर दूध दोन दिवस पुरतं, एवढाच त्या दीड वर्षाचा हिशेब. खाली तालमीसमोर पोरं ओरडत होती. तिनं खिडकी लावून घेतली आणि प्रयोगशाळेची जाड वही टेबलावर उघडली.

चोरी झाली आहे, हे गृहीत तिनं बाजूला ठेवलं. हातात काय आहे? गोदामाचं तांबं बरोबर. फाटकातून जाणारे ड्रम मोजून बरोबर. रिकामी गाडी बरोबर. भरलेली गाडी जड.

मग जड काय आहे?

तिनं पानं उलटली. दर आठवड्याला केबलचा एक तुकडा. तांब्यातून वीज जाताना किती अडते, म्हणजे रोध किती, ते ती मोजायची. तांबं कमी घातलेल्या केबलीत वीज जास्त अडते, मोटर जळते. म्हणून नियमानं एक कमाल मर्यादा घालून दिलेली: किलोमीटरला सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव ओहम. त्याच्या आत असेल तर पास. आण्णांच्या हातानं ठरलेली केबल सातच्या आसपास यायची, मर्यादेच्या खूप आत.

जानेवारीचा पहिला आठवडा: ६.९८. पास.

पुढचा: ६.९७. पास.

मार्च: ६.८७. पास. मे: ६.७६. पास.

प्रत्येक आकडा तिच्या अक्षरात, प्रत्येक ‘पास’ तिच्या अक्षरात. तिनं आलेखाचा कागद घेतला आणि एकेक ठिपका देत गेली. असा आलेख ती दर महिन्याला काढायची, आई आजारी पडेपर्यंत. मग तो राहून गेला, आणि कुणी मागितलाही नाही. पस्तीस ठिपके. शेवटचा, ऑगस्टअखेरचा, ६.५४. तिनं पट्टी लावली. रेघ जिना उतरावा तशी खाली उतरत होती, एकदाही वर न चढता.

तिनं वही मिटली. मग पायात चपला अडकवून रिक्षा पकडली.

“आज रविवार हाय, बाई,” पिराजी फाटक उघडत म्हणाला.

“माहीत आहे.”

“घरी कुणी न्हाय व्हय?”

“नाही,” ती म्हणाली. इतक्या सरळ हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

कपाटात प्रत्येक आठवड्याचे नमुने चिठ्ठी बांधून ठेवलेले होते. तिनं जानेवारीचा पहिला आणि ऑगस्टचा शेवटचा काढला. दोन्हींचं काळं आवरण सोललं, एक गाभा सुटा केला, बरोबर मीटरभर कापला. मग काट्याचं काचेचं दार लावून श्वास रोखून उभी राहिली.

जानेवारी: २३.३ ग्रॅम.

ऑगस्ट: २४.९ ग्रॅम.

मायक्रोमीटरच्या जबड्यात तिनं आकारामची तार धरली. डायवरचा छाप तीसचा होता. तार एकतीस भरली.

५

सोमवारी नऊ वाजता ऑफिसात चौघं होते. श्रेणिकशेठ, अभिनंदन, दाराशी उभा असलेला आकाराम आणि निशिगंधा. आकारामच्या हातात कापडी पिशवी होती, आणि ती भरलेली होती.

“चोर सापडला?” अभिनंदननं विचारलं.

“तांबं सापडलं,” निशिगंधा म्हणाली.

सव्वीस वर्षांत या खोलीत ती इतकं कधी बोलली नव्हती. तिनं दोन्ही गाभे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले.

“हे दिसायला सारखे आहेत. दुसऱ्यात मीटरला एक पूर्णांक सहा ग्रॅम तांबं जास्त आहे. केबलीत असे तीन गाभे, ड्रमावर हजार मीटर केबल, गाडीत चाळीस ड्रम. गुणाकार येतो एकशेब्याण्णव किलो. राजवीरच्या पावतीवर फरक आहे एकशेनव्वद. तांबं टेंपोत लपलेलं नव्हतं. ते केबलीत होतं; हिशेबात आपण केबल मीटरवरून धरतो, वजनावरून नाही. आपणच ते घालून, वर आपलं नाव छापून, फाटकातून मोजून बाहेर सोडत होतो.”

“पण घातलं कुणी?” अभिनंदन पुढं झुकला. “आणि का?”

“कुणीच नाही. डाय झिजते, पॉलिश केली की भोक आणखी मोठं होतं. कडेवरचा छाप मात्र तीसचाच राहतो. एक शतांश मिलिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. जानेवारीत शून्य, ऑगस्टमध्ये शंभराला जवळजवळ सात किलो. आठवड्याआठवड्याचा वाढता फरक मी बेरजेला धरला. दोन हजार पंच्याऐंशी किलो येतात. उरलेले पंचवीस झाडलोटीत गेले असतील.”

आकारामनं पिशवी खाली ठेवली. “म्हणजे... माझी तार जाड निघाली?”

“हो.”

“जाड निघाली म्हणून मी चोर ठरलो व्हय?”

अभिनंदन निशिगंधाकडं वळला.

“आणि तुमच्या टेस्टमध्ये हे आलं नाही?” अभिनंदनचा आवाज चढला. “लॅब कशासाठी आहे मग?”

“आलं,” निशिगंधा म्हणाली. “पस्तीस वेळा आलं. पस्तीस वेळा मी ‘पास’ लिहिलं.” तिनं आलेखाचा कागद उलगडला. “आण्णांची फणी बारीक तार पकडते, जाड नाही. माझी मर्यादा कमी तांबं पकडते, जास्त नाही. हंबीरराव कमी भरलं तर बोलतात. आपण सगळे एकाच बाजूला पहारा देत बसलो होतो, तांबं दुसऱ्या बाजूनं गेलं. आकारामना निदान वाटत होतं की ते चांगलं काम करतायत. मला काहीच वाटत नव्हतं. मी फक्त लिहीत होते.”

अभिनंदन उठून खिडकीशी गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज मऊ झाला होता.

“पप्पा, ऐका. हे चौघांच्या बाहेर जायची गरज नाही. चोरी झाली असं कागदावर असलं, तर तो एकदाचा तोटा. कंपनी किंमत कमी करणार नाही. पण आठ महिने आपल्याच यंत्राकडं आपलं लक्ष नव्हतं असं कळलं, तर ते आपल्याला सोलून काढतील. आकारामवर काही सिद्ध होणार नाही. चार चकरा, सुटेल. त्याला आपण नंतर बघू की.”

‘बघू’ हा शब्द मुलाच्या तोंडून ऐकताच श्रेणिकशेठनी मान वर केली, जणू कुणी त्यांना नावानं हाक मारली होती.

त्यांनी खण उघडला. वर पुण्याच्या कंपनीचं पत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं. त्याच्याखाली आकारामच्या चार चिठ्ठ्या. ‘नवी डाय पायजे.’ प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, त्यांच्याच अक्षरात, एकच शब्द.

“पंधरा-वीस हजारांची वस्तू,” ते हळूच म्हणाले. “वाटलं, कारखाना ठेवायचा का द्यायचा ते ठरू दे, मग घेऊ. ठरतच नव्हतं.” चिठ्ठ्या त्यांनी पत्त्यांसारख्या टेबलावर मांडल्या. “खरं सांगू, मानेबाई? चोर सापडला असता तर बरं झालं असतं. चोराला धरता येतं. रात्री वाटायचं, एवढा चोर घावला की सगळं पहिल्यासारखं होईल.”

घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती.

“दोन वर्षांपूर्वी तुम्हाला विचारलं होतं,” ते म्हणाले. “आठवतं? ठेवू का देऊ. तुम्ही काय म्हणालात?”

“‘मी फक्त मोजते,’ असं म्हणाले होते.”

“आज काय म्हणता?”

निशिगंधानं आलेखाकडं पाहिलं. रेघेचं उत्तर सोपं होतं. ती जिथून निघाली तिथं परत जात नव्हती. पण कागदाच्या पलीकडं दाराशी आकाराम उभा होता आणि त्याच्या पायाशी पिशवी होती.

“कारखान्याचं तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “पण आजच ठरवा. आणि यांचं आधी, बाहेर जाऊन, सगळ्यांसमोर सांगा. खिडकीतून नको.”

६

कारखान्यात आता एकवीस माणसं उरली होती. यंत्र बंद झाल्याचं कळताच ती एकेक करून पटांगणात आली. पिराजी फाटक सोडून चार पावलं पुढं आला, राजवीर टेंपोच्या पायरीवर बसला. निशिगंधा भिंतीशी उभी राहिली, नेहमीप्रमाणं एकटी. मग तिच्या लक्षात आलं की आकाराम येऊन तिच्या शेजारी उभा राहिलाय. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. तेवढं तिला पुष्कळ वाटलं.

श्रेणिकशेठ पायऱ्या उतरून खाली आले. अभिनंदन वरच, दारात थांबला.

शेठना माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. ते बोलणं आण्णांचं होतं. त्यांनी एकदा झाकलेल्या यंत्रांच्या शेडकडं पाहिलं, एकदा फाटकाकडं, आणि मग शहरी बोलणं गळून पडावं तसे ते वडिलांच्या भाषेत बोलले.

“आकाराम, हिकडं ये.”

आकाराम पुढं झाला.

“ह्या माणसानं कायबी चोरल्यालं न्हाय. राजवीरनंबी न्हाय. तांबं कुणी न्हेलंच न्हाय. मी चार बार ‘बघू’ म्हणलो, म्हणून ते सांडलं. आज बारा वाजता पुण्याची माणसं येत्यात, त्यांनाबी हेच सांगणार हाय. ते चार पैसं कमी देतील. देऊ देत.”

राजवीर पायरीवरून उठून उभा राहिला. निशिगंधाला दिसलं की शेठचा उजवा हात खिशातल्या पत्राला धरून आहे.

“तुमची कामं टिकतील असं त्यांच्याकडनं कागदावर लिहून घेतल्याबिगार सही करणार न्हाय,” ते म्हणाले. मग थांबले. दोन वर्षं जो शब्द दातांच्या मागं अडकून बसला होता, तो बाहेर यायला आणखी एक श्वास लागला.

“कारखाना मी विकतोय.”